परत पाठविलेली वस्तू आणि विक्रेत्याचा हक्क



मागील शव्वाल महिन्यात आमच्या मोहल्ल्यातील एका भगिनीने माझ्या पत्नीच्या मार्फत एक मसला विचारून पाठविला. या भगिनी घरच्या शिलाई यंत्रावर नमाजचे खिमार आणि लहान मुलींचे पोशाख शिवतात व दोन वर्षांपासून एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर ते विकतात. ईदनंतर आठ-दहा दिवसांनी त्यांच्याकडे एक पोशाख परत आला. परतीचे कारण नोंदविले होते, 'कापड सदोष'. पिशवी उघडली तेव्हा पोशाखाला अत्तराचा वास येत होता, बाहीच्या टोकाला मेहंदीचा पुसट डाग होता आणि खिशात चॉकलेटचा चुरगळलेला कागद होता. खरेदीदाराला पूर्ण पैसे केव्हाच परत गेले होते. येण्या-जाण्याचा कुरिअरखर्च या भगिनीच्या खात्यातून वळता झाला होता. त्यांचा प्रश्न तक्रारीचा नव्हता. त्यांनी एवढेच विचारले होते की, डाग निघाला तर पोशाख धुऊन, इस्त्री करून, नव्या पिशवीत घालून पुन्हा नवा म्हणून विकणे जाइज आहे काय?

उत्तर अवघड नव्हते, तरीही मी ते त्या दिवशी दिले नाही. त्याचे कारण पुढे सांगेन. आधी मूळ विषय समजून घेऊ, कारण आज आपल्यातील क्वचितच एखादे घर असे असेल की जेथे महिन्याकाठी एखादे पार्सल येत नाही आणि त्यांपैकी एखादे परत जात नाही.

प्रथम हे पाहू की आपला व्यवहार होतो कोणाशी? अमेझॉन किंवा फ्लिपकार्टसारख्या बाजारपेठेवर वस्तूच्या छायाचित्राजवळ विक्रेत्याचे नाव दिलेले असते. आपण सहसा ते वाचत नाही. परंतु बाजारपेठ चालविणारी कंपनी बहुतांश वस्तूंची मालक नसते. ती जागा देते, पैसे स्वीकारते, माल पोहोचविते आणि त्याबद्दल आपला मोबदला घेते. फिकहच्या परिभाषेत तिचे स्थान दलालाचे किंवा वकिलाचे, म्हणजे प्रतिनिधीचे आहे. विक्री करणारा मूळ पक्ष तो विक्रेताच. तो सुरतेचा कापडव्यापारी असेल, मुरादाबादचा पितळी भांडी घडविणारा असेल किंवा आपल्याच गल्लीतील एखादी भगिनी असेल. आपण 'कंपनीला काय कमी आहे' असे म्हणून जे पैसे परत घेतो, ते अनेकदा कंपनीच्या तिजोरीतून येतच नाहीत. विक्रेत्याला मिळावयाच्या रकमेतून ते कापले जातात. मोठ्या कंपनीचाही हक्क हक्कच असतो, ही गोष्ट वेगळी. पण येथे तर ज्याचे नुकसान होते तो माणूस कोण, हेच आपल्याला ठाऊक नसते.

सुरह अन-निसाच्या २९व्या आयतीत अल्लाहतआलाने ईमानधारकांना एकमेकांची संपत्ती नाहक मार्गाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परांच्या राजीखुशीने होणारा व्यापार तेवढा त्यातून वेगळा काढला आहे. ही राजीखुशी विकत घेताना जशी लागते, तशीच परत करतानाही लागते. म्हणून परत करण्याचा प्रत्येक मार्ग कोणत्या आधारावर उभा आहे, हे फुकहांनी वेगवेगळे करून दाखविले आहे.

पहिला आधार खियार-ए-शर्त. सौदा करतानाच अमुक दिवसांत मन बदलल्यास वस्तू परत करीन, अशी अट मान्य झालेली असते. हजरत हब्बान बिन मुन्किज (रजि.) यांची व्यवहारात नेहमी फसगत होत असे. अल्लाहच्या प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना शिकविले की, सौदा करताना फसवणूक चालणार नाही असे स्पष्ट बोलावे, आणि त्यांना तीन दिवसांची मुभा दिली. इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम शाफई (रह.) या अटीची कमाल मुदत तीनच दिवस मानतात. इमाम अबू हनीफांचे दोन ज्येष्ठ शिष्य, इमाम अबू युसूफ (रह.) व इमाम मुहम्मद (रह.), मुदत निश्चित असेल तर ती अधिकही चालेल असे म्हणतात. आजच्या सात किंवा दहा दिवसांच्या 'रिटर्न'च्या सवलतीला याच मताचा आधार मिळतो. विक्रेत्याने बाजारपेठेवर दुकान मांडताना ही सवलत मान्य केलेली असते. तेव्हा मुदतीत, न वापरलेली वस्तू, 'आता नको आहे' असे खरे कारण देऊन परत करण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा खियार-ए-रुयत, म्हणजे पाहिल्यानंतरचा अधिकार. हनफी मसलकात न पाहता घेतलेली वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावर ठेवायची की परत करायची, हे ठरविण्याचा अधिकार खरेदीदाराला असतो, मग ती वर्णनाबरहुकूम का असेना. हजरत उस्मान (रजि.) यांनी इराकमधील एक जमीन हजरत तल्हा (रजि.) यांना दिली. ती दोघांपैकी कोणीच पाहिलेली नव्हती. आपल्याला अधिकार आहे, असे दोघांनीही म्हटले. हजरत जुबैर बिन मुतइम (रजि.) यांनी निवाडा दिला की, अधिकार हजरत तल्हांचा, कारण न पाहता घेणारे ते होते. छायाचित्र पाहणे हे वस्तू पाहणे नव्हे, हे आपल्या भगिनींना सांगावयास नको. पडद्यावरचा मोरपंखी रंग घरी येईपर्यंत कसा बदलतो, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई मसलकाचे आहेत. त्यांच्याकडे या बाबतीत भूमिका वेगळी आहे. गुणवर्णन ठरवून घेतलेली वस्तू त्या वर्णनाप्रमाणे आली, तर ती केवळ पाहून आवडली नाही म्हणून परत करण्याचा वेगळा अधिकार उरत नाही. अशा वेळी परत करण्याचा आधार विक्रेत्याने दिलेली संमती हाच राहतो. तपशील त्यांनी आपल्या आलिमांना विचारावा. येथे मला एका वेगळ्याच मुद्द्याकडे लक्ष वेधायचे आहे. मन बदलले म्हणून किंवा पाहून आवडले नाही म्हणून वस्तू परत करताना ती पोहोचविण्याचा खर्च हनफी ग्रंथांनी खरेदीदारावर ठेवला आहे. दुसऱ्या पक्षाने तो खुशीने स्वीकारला असेल तर गोष्ट निराळी. हा छोटासा नियम लक्षात ठेवा.

तिसरा खियार-ए-ऐब, दोषामुळे मिळणारा अधिकार. हा अधिकार अट न घालताही मिळतो. ज्या उणिवेमुळे व्यापाऱ्यांच्या रिवाजात वस्तूची किंमत घटते तो दोष, अशी हनफी फुकहांची व्याख्या आहे. तो दोष वस्तू आपल्या ताब्यात येण्यापूर्वीचा असावा आणि घेताना आपल्याला माहीत नसावा. शिवण उसवलेली, बटण तुटलेले, सुती म्हणून दिलेल्या कापडात दुसरा धागा निघालेला, वाटेत कप फुटलेला, या सर्व प्रकारांत परत करणे हा आपला पूर्ण हक्क आहे. मात्र दोष समजल्यावरही वस्तू वापरीत राहिलो तर आपण तिला राजी झालो असे मानले जाते व अधिकार संपतो. आणि आपल्या हातून तिच्यात दुसरा नवा दोष निर्माण झाला, तर विक्रेत्याच्या मर्जीविना ती त्याच्या गळ्यात घालता येत नाही. जुन्या दोषापुरती किंमत कमी करून मागता येते.

दोष कळण्यापूर्वी जो वापर झाला त्याचे काय? प्रेषितांच्या (सल्ल.) काळी एकाने गुलाम विकत घेतला, काही काळ त्याच्याकडून काम घेतले, मग दोष आढळला म्हणून परत केला. विक्रेत्याने मधल्या काळातील कमाई मागितली. प्रेषितांनी (सल्ल.) ती खरेदीदाराचीच ठरविली, कारण त्या काळात गुलाम दगावला असता तर नुकसानही त्याचेच झाले असते. हजरत आयेशा (रजि.) यांनी ही हदीस कथन केली आहे. तेव्हा आठवडाभर वापरलेल्या मिक्सरची मोटार दोषामुळे जळाली, तर त्या आठवड्यात वाटलेल्या चटणीचा हिशेब द्यावा लागत नाही.

आता आपल्या मोबाइलच्या पडद्याकडे वळू. 'रिटर्न' दाबले की ॲप कारण विचारते. 'मत बदलले', 'माप बसले नाही', 'वस्तू सदोष', 'वर्णनाप्रमाणे नाही', 'चुकीची वस्तू आली', अशी यादी समोर येते. आपण त्यातील एखादे घाईने दाबतो आणि विसरतो. नियम प्रत्येक बाजारपेठेचे वेगळे आहेत, परंतु सर्वसाधारणपणे या उत्तरावरच ठरते की परतीचा खर्च कोणी सोसायचा, पैसे परत मिळणार की केवळ बदली वस्तू मिळणार, आणि विक्रेत्याच्या नावापुढे दोषाची नोंद पडणार की नाही. 'सदोष' हे कारण आपल्याला सोयीचे पडते. मुदत, खर्च, वाद काहीच उरत नाही. म्हणून न आवडलेला पोशाख सदोष होतो, घाईत मागविलेला चुकीचा चार्जर 'वर्णनाप्रमाणे नाही' होतो.

शरीअतच्या दृष्टीने ते बटण म्हणजे एका अनुपस्थित माणसाविरुद्ध दिलेली साक्ष आहे. ती साक्ष खोटी असेल तर खियार-ए-रुयतचा वा खियार-ए-शर्तचा खरा आधार हाती असूनही आपण खियार-ए-ऐबचा खोटा दावा केला आणि जो खर्च आपण सोसावयाचा होता तो दुसऱ्यावर ढकलला. ती सत्तर-ऐंशी रुपयांची रक्कम नाहक खाल्लेला माल ठरते. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (सल्ल.) खरेदीदार व विक्रेता दोघांचाही उल्लेख केला आहे: दोघे खरे बोलले आणि त्यांनी सर्व उघड करून सांगितले तर सौद्यात बरकत होते, लपविले आणि खोटे बोलले तर बरकत पुसली जाते. आपण ही हदीस मिंबरावरून व्यापाऱ्यांना ऐकवितो. त्यातील 'खरेदीदार' हा शब्द आपल्या कानावरून तसाच निघून जातो.

मी उत्तर का लांबविले, ते आता सांगतो. त्याच रमजानमध्ये मी माझ्या मुलासाठी एक कुर्ता मागविला होता. माप न घेता, अंदाजाने. तो तोकडा निघाला. 'माप बसले नाही' असे नोंदविल्यावर ॲप फक्त मोठ्या मापाचा कुर्ता बदलून देण्यास तयार होते आणि तो ईदपूर्वी येणार नव्हता. मला पैसे हवे होते. मी मागे गेलो आणि 'वर्णनाप्रमाणे नाही' यावर बोट ठेवले. तरावीहची वेळ होत आली होती. दहा सेकंदांचे काम. पैसे दोन दिवसांत परत आले आणि मी ते विसरूनही गेलो. त्या भगिनीचा निरोप पत्नी सांगू लागली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले नाही, पण कुर्ता तिच्याच हाताने पिशवीत भरला गेला होता.

वापरून परत करण्याचा प्रकार यापुढचा आहे. मापासाठी अंगाला लावून पाहणे वेगळे आणि ईदच्या नमाजला, वलीम्याला मिरवून आणणे वेगळे. किमतीची चिठ्ठी आत खोचून पोशाख घालणारी मंडळी आपल्यातही आहेत. पोशाख वापरला की सगळे खियार संपतात आणि तो आपला होतो. त्यानंतर तो परत पाठविणे म्हणजे विक्रेत्याच्या परवानगीवाचून फुकट भाड्याने घेणे. नव्या वस्तूच्या पेटीत जुनी वस्तू भरून पाठविणाऱ्याबद्दल तर मसला विचारण्याचीही गरज नाही. ती चोरी आहे.

'कॅश ऑन डिलिव्हरी'चेही असेच. एकच वस्तू तीन विक्रेत्यांकडून मागवायची, जी आधी येईल ती घ्यायची आणि उरलेली दोन दारातून परत पाठवायची, ही युक्ती म्हणून सांगितली जाते. पैसे दिलेले नाहीत, म्हणजे सौदा झालेलाच नाही, असा युक्तिवाद कोणी करील. तो मान्य केला तरी निदान वचन तरी दिले होते. कोणी बोलावले म्हणून तो माल निघाला, त्याचे जाण्या-येण्याचे भाडे कोणी तरी भरलेच.

कधी कधी पैसे परत येतात आणि वस्तू न्यायला कोणी येतच नाही. ती वस्तू आपल्याकडे अमानत आहे. कळवावे, वाट पाहावी, कळविल्याचा पुरावा ठेवावा. 'ठेवून घ्या' असे उत्तर आले आणि आपली तक्रार खरी होती, तर ठेवून घ्यावी. एकाऐवजी दोन वस्तू आल्या तर दुसरी रिझक नव्हे, कोणाची तरी चूक आहे.

येथवर वाचून काही विक्रेते बांधव सुखावले असतील. त्यांनी तो प्रसंग आठवावा, जेव्हा प्रेषित (सल्ल.) बाजारात धान्याच्या राशीपाशी थांबले, त्यांनी आत हात घातला आणि बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. आज ती ओल छायाचित्राखाली दडलेली असते. एका कापडाचे चित्र लावून दुसरे पाठविणे, नातेवाइकांकडून पंचतारांकित अभिप्राय लिहवून घेणे, परतीची विनंती मुदत संपेपर्यंत टोलवीत राहणे, हे सर्व त्याच राशीतले आहे. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड दोष न सांगता इतर मालाबरोबर विकून टाकले आणि खरेदीदाराचा पत्ता लागेना, तेव्हा इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सगळी रक्कम, केवळ त्या कापडाची नव्हे.

आणि दोष नसतानाही कोणी पस्तावून वस्तू परत घेण्याची विनंती केली, तर ती मान्य करणे, ज्याला इकाला म्हणतात, हे मोठ्या पुण्याचे काम आहे. जो असे करील त्याची चूक अल्लाह माफ करील, असे हदीसमध्ये आले आहे. हे मात्र विक्रेत्याचे औदार्य आहे. खरेदीदाराने ते खोटे बोलून ओढून घ्यायचे नसते.

दुसऱ्या बाजूने, खरा दोष असताना 'जाऊ द्या, सब्र करू' असे म्हणून गप्प बसणेही आवश्यक नाही. आपला हक्क मागणे ईशभयाच्या विरुद्ध नाही. देशाचा कायदाही या बाबतीत आपल्या बाजूचा आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बाजारपेठेवरील विक्रेत्याला सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्याचे नाकारता येत नाही. बाजारपेठेने विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे आणि तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. महागडी वस्तू असेल तर पार्सल उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. ते आपल्या सत्याचा पुरावा असते आणि विक्रेत्यालाही त्यावरून कुरिअरकडे दाद मागता येते.

राहिला प्रश्न तो हा की, पूर्वी असे घडून गेले असेल तर काय करावे? केवळ इस्तिगफार पुरेसा नाही, कारण हा बंद्याचा हक्क आहे. जुन्या ऑर्डरमध्ये बिल असते, बिलावर विक्रेत्याचे नाव व पत्ता असतो. अंदाजाने जेवढे नुकसान झाले तेवढी रक्कम, किंवा सावधगिरी म्हणून थोडी जास्त, त्याच्यापर्यंत पोहोचवावी. आपण काय केले याची सविस्तर कबुली द्यावीच असे नाही, रक्कम पोहोचणे महत्त्वाचे. विक्रेता मुस्लिम आहे की नाही, हे पाहू नये. हिजरतच्या रात्री प्रेषितांनी (सल्ल.) हजरत अली (रजि.) यांना मक्केत मागे ठेवले ते तेथील लोकांच्या अमानती परत करण्यासाठी, आणि ते लोक कोण होते हे आपण जाणतो. खूप प्रयत्न करूनही विक्रेता सापडला नाही, दुकान बंद झाले असेल, तर त्याच्या वतीने तेवढी रक्कम सदका करावी आणि पुढे तो भेटलाच व त्याने मागितली तर द्यावी.

मीही बिल शोधून काढले. विक्रेता गुजरातमधील होता. दूरध्वनीवर मी म्हटले की, परतीचे कारण मी चुकीचे लिहिले होते, कुरिअरचे किती कापले गेले ते सांगा. पलीकडचे गृहस्थ काही क्षण बोललेच नाहीत. हा काही नवीन फसवणुकीचा प्रकार असावा, असे त्यांना वाटले असणार. मग त्यांनी ऑर्डर क्रमांक विचारला, वहीत पाहिले आणि सांगितले, एकशे बारा रुपये. मी ते पाठविले.

त्यानंतर त्या भगिनीला उत्तर कळविले. धुऊन, इस्त्री करून तो पोशाख नवा म्हणून विकणे जाइज नाही. तो वापरला गेला आहे, व्यापाऱ्यांच्या रिवाजात त्यामुळे किंमत घटते आणि घेणाऱ्याला ते सांगणे वाजिब आहे. तुमच्यावर अन्याय झाला, तरी त्याची भरपाई तिसऱ्याच्या खिशातून करता येत नाही. बाजारपेठेकडे डागाची छायाचित्रे पाठवून आपली तक्रार जरूर नोंदवा.

त्यांनी तक्रार नोंदविली. तिचे उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेले नाही. पोशाख मात्र त्यांनी 'एकदा वापरून परत आलेला' अशी चिठ्ठी लावून मोहल्ल्यातच विकला, साडेतीनशे रुपये कमी घेऊन.